फावल्या वेळात : लोखंडाची मुरड

वाचकहो, सध्या आमच्या घरात रणगाडा उभा आहे. घाबरू नका, पुस्तकांच्या कपाटावर मावतो. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४चं हे पस्तीस पट लहान प्लास्टिकचं मॉडेल; लांबी वीतभरही नाही. खोक्यातले सुटे भाग चिकटवायचे, रंगवायचे, आणि पाहुणे कधी एकदा त्याबद्दल विचारतात याची वाट बघत बसायचं, असा हा आमचा छंद.

गेल्या हिवाळ्यात महिनाभर खपून आम्ही तो जोडला. जिथे म्हणून सांधा दिसला तिथे पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली आणि सगळं काचेसारखं गुळगुळीत केलं. सौ.सुद्धा म्हणाल्या, ‘छान झालाय हो!’ आम्ही फुगलो. रंग तेवढा द्यायचा राहिला होता.

वसंतात डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला जाणं झालं. तिथे खरा टी-३४ बघितला आणि आमचा फुगा फुटला. पोलादाच्या जाड पाट्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे वेल्डिंगची चांगली बोटभर रुंद, खडबडीत शिवण. कुठे फुगलेली, कुठे दबलेली. आम्ही महिनाभर घासून घासून जे घालवलं होतं, तेच तर त्या गाडीचं रूप होतं!

तेव्हा घरी येऊन थोडा अभ्यास केला. वेल्डर ठिणगीच्या उष्णतेने धातू वितळवत पुढे सरकतो, आणि मागे राहिलेला रस थिजताना चंद्रकोरींची रांग उमटत जाते. कोरीची फुगीर बाजू जिथून सुरुवात झाली तिकडे असते. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी तो हात डावीकडून उजवीकडे गेला की उलटा, हे आजही वाचता येतं.

हात कोणाचे होते, तेही ऐका. १९४१ साली जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा खारकिव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरल पर्वतापलीकडे निझ्नी तागिलला हलवला गेला. कीव्हची वेल्डिंग संस्था आणि तिचे प्रमुख येवगेनी पातोनही तिथेच पोचले. रणगाडे हवे होते हजारोंनी, आणि कसलेले वेल्डर मोजके. पातोन यांच्या पद्धतीत ठिणगी एका खास भुकटीखाली झाकलेली राहते आणि यंत्र आपल्या गतीने पुढे सरकतं. त्यामुळे थोड्याशा शिकवणीवर बायका आणि कोवळी पोरंसुद्धा हे काम करू लागली. यंत्राची शिवण सलग आणि बरीच गुळगुळीत उतरते. जिथे यंत्र पोचत नाही तिथली हाताची, ओबडधोबड. एकाच गाडीवर दोन वळणांची अक्षरं!

हे कळल्यावर आमचा गुळगुळीत रणगाडा बघवेना. खरं तर एक महिन्याची मेहनत सुरीखाली घालायची हिंमत होत नव्हती. पण शेवटी घातली.

कृती सांगतो. सांध्याच्या जागी टोकदार सुरीने बारीक चर पाडायचा. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात तिचा तुकडा मेणबत्तीवर फिरवत मऊ करायचा, ज्योतीबाहेर काढून हलकेच ओढायचा. शेवईसारखा धागा निघतो. तो चरात बसवून वरून लिक्विड सिमेंटचा हात फिरवायचा. (खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि हे सगळं रंगाआधी. सिमेंट प्लास्टिकला विरघळवतं, रंगावरून धरत नाही.) मिनिट-दोन मिनिटांत धागा मऊ पडला की बोथट पात्याने आडवे दाब देत जायचं. ज्यांना धागा जमत नाही त्यांनी मिलिपुटसारख्या दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीची वळी करावी. ती घट्ट व्हायला काही तास घेते, त्यामुळे चुकलं तर मोडता येतं.

मापाचं मात्र भान हवं. खरी शिवण वीस मिलिमीटर रुंद असेल तर आपली जेमतेम अर्धा मिलिमीटर. आमची पहिली शिवण एवढी जाड झाली की रणगाड्याला सुरवंट चिकटल्यासारखा दिसला. आणि सगळ्याच गाड्यांना शिवणी नसतात. अमेरिकेच्या शर्मनचंच घ्या: एम४चा सांगाडा पाट्या जोडून केलेला, तर एम४ए१चा ओतीव. ओतीव सांगाड्यावर हौसेने लांबलचक शिवणी घालाल तर जाणकार हसतील.

आमची दुसरी शिवण मापात आली, पण सगळे दाब कसे अगदी मोजून-मापून! सौ.नी चष्मा वर करून बघितलं. ‘अहो, ही तर साच्यातली करंजी झाली. हाताच्या मुरडीत एक चिमटा मोठा, एक लहान येणारच. माझ्या सासूबाईंची करंजी मी शंभरात ओळखीन.’ आम्ही निमूटपणे कोपऱ्यांतल्या शिवणी उकरल्या आणि मोजणं सोडून पुन्हा घातल्या. लांब सरळ शिवणी तशाच नीटस ठेवल्या, त्या यंत्राच्या.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांना एक सुचवतो. अहमदनगर, म्हणजे २०२४पासूनचं अहिल्यानगर, तिथे १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तोफेसमोर उभं राहून फोटो सगळेच काढतात. तुम्ही जरा बाजूला जाऊन सांधे बघा.

परवा जेवायला आलेल्या मित्राच्या आठ वर्षांच्या लेकीने आमच्या रणगाड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘काका, हा इथे तुटला होता का?’

म्हटलं, ‘नाही गं. इथे कोणीतरी जोडला होता.’