काचेचा दरवाजा, पण न उघडणारा

हॉलमधून अंगणात, गच्चीवर किंवा बाल्कनीत जाणारा जुना लाकडी दरवाजा काढून तिथे जमिनीपासून वरपर्यंत काच बसवण्याची हौस आता फ्लॅटमध्येही पोहोचली आहे. या काचेचे काही भाग सरकतात, काही कायमचे बंद असतात. अशा बंद भागाला कंत्राटदार ‘फिक्स’ म्हणतात. त्याला रोलर, रूळ, कडी काहीच लागत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. धूळ आणि रस्त्यावरचा आवाजही तो चांगला अडवतो. हे ऐकून ‘मग सगळंच फिक्स करून टाका’ असं म्हणावंसं वाटतं. होकार देण्याआधी मात्र थोडं थांबा.

आधी हवेचा हिशोब

नॅशनल बिल्डिंग कोडनुसार खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात खिडक्या-झरोके हवेत. कोरड्या, उष्ण हवेत एक दशांश, तर दमट, उष्ण हवेत एक षष्ठांश. खिडकीचा काही भाग बंद असेल, तर फक्त उघडणारा भाग मोजायचा, असंही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला कोरड्या हवेच्या गावात १२ आणि किनाऱ्यावरच्या गावात २० चौरस फूट उघडी जागा हवी. तुमचा गाळा ६ बाय ७ फुटांचा, म्हणजे ४२ चौरस फुटांचा असेल, तर निम्मा बंद करूनही २१ उरतात. पूर्ण बंद केला आणि खोलीला दुसरी मोठी खिडकी नसेल, तर दिवसभर एसी किंवा कोंदट हवा यातलं एक निवडावं लागेल.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. गॅस गळला, धूर झाला, तर हॉलमधून बाहेर जायची ती एकमेव वाट तर नाही ना? टफन्ड काच घाईत हाताने फुटत नाही. आणि तिसरा प्रश्न पुसण्याचा! पाहुणे काचेचं कौतुक करतात, पुसायची वेळ मात्र घरातल्या एकाच व्यक्तीवर येते. तळमजल्यावर बाहेरून फिरून जाता येतं. चौथ्या मजल्यावर शेजारचा भाग सरकणारा असेल आणि पलीकडे कठड्याची बाल्कनी असेल, तरच बाहेरची बाजू पुसता येईल.

काच कोणती घ्यावी?

जमिनीपर्यंत येणारी साधी काच घेऊच नका. ती फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात आणि धावत येणारं मूल नेमकं तिथेच धडकतं. टफन्ड काच फुटल्यावर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. म्हणून वरच्या मजल्यावर किंवा बाहेर कठडा नसेल तिथे लॅमिनेटेडच बरी. काचेच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस २५५३’ हा क्रमांक पाहून घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप एकदाच, पण प्लास्टर आणि फरशी पूर्ण झाल्यावरच घ्यायला लावा.

दार पश्चिमेला असेल, तर आतला पडदा फारसा उपयोगी पडत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. बाहेरून छज्जा किंवा बांबूचा चिक लावा. लहान मुलं आणि नजर अधू झालेले आजी-आजोबा यांना काच दिसावी म्हणून दोघांच्याही डोळ्यांच्या उंचीवर एकेक नक्षीची पट्टी चिकटवा.

बसवताना हजर राहा

४ बाय ७ फुटांची ८ मिलिमीटर जाडीची काच ५० किलोंहून जड असते. एकटा कारागीर ती उचलायला लागला, तर काम थांबवा. चौकट आधी बसते. ओळंबा आणि लेव्हल तर लावायलाच हवी, शिवाय दोन्ही कर्ण मोजायला सांगा. ते सारखे नसतील, तर चौकट तिरकी आहे. काच थेट अॅल्युमिनियमवर टेकवू नये. खाली दोन कडक रबरी ठोकळे आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा हवी, नाहीतर उन्हात प्रसरण पावल्यावर कडेवर ताण येतो. टफन्ड काच मधोमध दणकट असली, तरी कडेला नाजूक असते.

चौकटीच्या खालच्या पट्टीत पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. सफाईदार काम दाखवण्याच्या नादात काही कारागीर ती सिलिकॉनने बुजवून टाकतात. तसं होऊ देऊ नका. उंबरठ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लॅमिनेटेड काचेला चालत नाही, न्यूट्रल प्रकारचं मागा.

शेवटचा हप्ता मात्र हातात ठेवा. सिलिकॉन सुकल्यावर बाहेरून पाइपने दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा आणि आतल्या कोपऱ्यांवरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला नाही, तर पैसे द्या.