बटण बिघडलेलं नाही, पिन लोंबकळतेय



अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावीपासूनच्या मुलांच्या हातात आर्डुइनो बोर्ड आला, हे चांगलंच झालं. आपल्या वडूज भागातल्या मुलांना टाकी भरली की वाजणारा बझर करायचा असतो. पण पहिल्याच बटणाला गाडी अडते. बटण न दाबता दिवा लागतो, हात जवळ नेला की लुकलुकतो. मग 'किट खराब' किंवा 'तूच काहीतरी बिघडवलंस' म्हणून किट कपाटात जातं. माझ्या मते अशा वेळी मुलाला बोलण्याआधी एक गाळलेला धडा घ्यायला हवा.

बटण सुटलेलं असताना पिनला काहीच जोडलेलं नसतं. काहीच नाही म्हणजे शून्य, असं मुलांना वाटतं. (मोठ्यांनाही.) पण इनपुट पिन नाममात्र करंट घेते, म्हणून भिंतीतल्या वायरिंगचा, बोटाचा परिणामसुद्धा तिला पुरतो. ती कधी ० सांगते, कधी १.

उपाय म्हणजे पुलअप रेझिस्टर. पिनपासून ५ व्होल्टला १० हजार ओहमचा रेझिस्टर जोडायचा. दाराच्या स्प्रिंगसारखंच हे. सोडलं की दार मिटतं, ढकललं की उघडतं. बटण दाबलं की पिन ग्राउंडला जाते आणि रेझिस्टरमधून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर वाहतो. 'रेझिस्टरऐवजी नुसती तार का नको?' हे मुलांना जरूर विचारा. बटण दाबताच शॉर्टसर्किट होईल, हे त्यांना स्वतः सापडू द्या.

उनो बोर्डाच्या एटमेगा ३२८पी चिपमध्ये २० ते ५० हजार ओहमचा पुलअप आधीच आहे. प्रोग्राममध्ये 'इनपुट'ऐवजी 'इनपुट पुलअप' लिहायचं, बस्स. फक्त उत्तर उलटं येतं: दाबलं की ०, सोडलं की १.

बोर्डावरचं रिसेट बटणही असंच चालतं. चिपच्या त्याच पायावर डिबगवायर ही प्रोग्राम तपासायची सोय आहे. त्यासाठी तिथला पुलअप १० हजार ओहमपेक्षा कमी चालत नाही. स्प्रिंग फार ताठ झाली, तर निरोप देणाऱ्याला ती रेषा खाली ओढताच येत नाही.

काहीजण म्हणतात, रेझिस्टर बसवलेलं तयार बटण आणा, कटकट नको. आणा की, पण दुसऱ्या तासिकेला. पहिल्या तासिकेला एक मोकळी तार, सीरियल मॉनिटर आणि मुलांची बोटं एवढंच पुरतं.