शेतकरी आंदोलनामागे 'चीन-पाकिस्तान' ते 'बटेंगे तो कटेंगे': जालन्यात देशप्रेमाचा प्रचार कधी चालला, कधी फसला?

डिसेंबर २०२०. दिल्लीच्या सीमांवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी कृषी कायद्यांविरोधात बसले होते. त्याच वेळी जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यात, कोलते टाकळी इथं आरोग्य केंद्राचं उद्घाटन होतं. तिथं तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री रावसाहेब दानवे म्हणाले की, हे आंदोलन शेतकऱ्यांचं नाहीच, त्यामागे चीन आणि पाकिस्तानचा हात आहे.

समोर बसलेले बहुतेक लोक कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारे.

या वक्तव्यावर देशभर टीका झाली. शिवसेनेचे संजय राऊत म्हणाले की, मंत्र्यांकडे अशी माहिती असेल तर संरक्षणमंत्र्यांनी चीन आणि पाकिस्तानवर लगेच सर्जिकल स्ट्राईक करावा. टोला चांगला बसला. पण एक गोष्ट सुटली. हमीभाव, बाजार समित्या, कंत्राटी शेती यावरची चर्चा बाजूला पडली आणि दोन्हीकडून बोललं गेलं ते सीमेपलीकडच्या शत्रूबद्दल. (पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं ते कायदे मागे घेण्याची घोषणा केली.)

निवडणूक असो वा नसो, हे अस्त्र नेमकं हेच काम करतं. विरोधकाचं म्हणणं चूक आहे हे सिद्ध करत बसण्याऐवजी, तो आपला आहे की परका हाच प्रश्न उभा करायचा.

अमेरिकेत हे कधीपासून सुरू आहे?

अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतलं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण १९८८ चं आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे मायकल डुकाकिस त्या उन्हाळ्यात जनमत चाचण्यांमध्ये जॉर्ज बुश (थोरले) यांच्या बरेच पुढे होते. बुश यांच्या टीमनं जुनी कागदपत्रं उकरली. १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना डुकाकिस यांनी एका विधेयकाला मंजुरी नाकारली होती. वर्गात शिक्षकांनी राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणवून घेणं सक्तीचं करणारं ते विधेयक होतं. अशी सक्ती घटनेत बसत नाही, असा सल्ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला होता, म्हणून त्यांनी त्याला मंजुरी दिली नाही.

प्रचारात त्याचं रूप एवढंच उरलं: 'या माणसाला राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा का नको आहे?' बुश सभांमध्ये प्रतिज्ञा म्हणू लागले, राष्ट्रध्वज बनवणाऱ्या कारखान्याला भेट देऊन आले. डुकाकिस कायद्याचा मुद्दा समजावत राहिले. निकालात ५० पैकी ४० राज्यं बुश यांच्याकडे गेली.

२००४ मध्ये तर व्हिएतनाम युद्धात पदकं मिळवलेल्या जॉन केरी यांच्या शौर्यावरच माजी नौसैनिकांच्या एका गटानं जाहिरातींमधून शंका घेतली. म्हणजे प्रत्यक्ष युद्धात लढलेला उमेदवारही यातून सुटत नाही.

इथं एक फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा. नकारात्मक प्रचार म्हणजे सगळा वाईट प्रचार, असं नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन गीर यांनी २००६ च्या पुस्तकात मांडलं की, स्वतःची स्तुती करणाऱ्या जाहिरातींपेक्षा टीका करणाऱ्या जाहिरातींमध्ये धोरणांवरचे मुद्दे आणि पुरावे जास्त असतात. ते पटण्यासारखं आहे. 'मी विकास केला' म्हणायला पुरावा लागत नाही. 'यांनी अमुक केलं नाही' म्हणायचं तर काहीतरी दाखवावं लागतं.

याचंही उदाहरण जालन्यातच आहे. मे २०१७ मध्ये तूर खरेदीचा गोंधळ सुरू असताना भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष असलेले दानवे जालन्यात कार्यकर्त्यांसमोर बोलताना शेतकऱ्यांना उद्देशून 'साले' म्हणाले. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण विरोधकांनी ते वाक्य काही विसरू दिलं नाही. हा नकारात्मक प्रचारच होता. तरी त्यात नेत्याचं स्वतःचं वक्तव्य होतं, तुरीचा खरा प्रश्न होता आणि दानवेंना त्यावर उत्तर देता येत होतं. 'तुमच्यामागे पाकिस्तान आहे' याला कोलते टाकळीच्या शेतकऱ्यानं काय उत्तर द्यायचं?

२०१९ ते २०२४: तोच मतदारसंघ, तेच दानवे

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा आणि २६ फेब्रुवारीला बालाकोट. ९ एप्रिलला मराठवाड्यातच, लातूर जिल्ह्यातल्या औसा इथं पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना आवाहन केलं की, तुमचं पहिलं मत बालाकोटचा हवाई हल्ला करणाऱ्या जवानांना आणि पुलवामातल्या शहिदांना अर्पण होऊ शकतं का? सैन्याचा प्रचारात वापर करू नका, असं आयोगानं पक्षांना आधीच बजावलं होतं. तरी या भाषणात आचारसंहितेचा भंग नसल्याचा निर्वाळा आयोगानं दिला. निवडणूक आयुक्त अशोक लवासा यांचं मत मात्र वेगळं होतं.

त्या निवडणुकीत जालना लोकसभा मतदारसंघात दानवे ३,३२,८१५ मतांनी जिंकले. २०१४ मध्ये, मोदी लाटेत, हेच मताधिक्य २,०६,७९८ होतं. दोन्ही वेळा समोर काँग्रेसचे विलास औताडे. मताधिक्य वाढण्याचं सगळं श्रेय बालाकोटला देता येणार नाही. पण दुष्काळानं होरपळलेल्या भागात सत्ताधारी खासदाराचं मताधिक्य सव्वा लाखानं वाढतं, तेव्हा मतदान फक्त टँकर आणि पीकविम्यावर झालेलं नसतं, एवढं नक्की.

मग २०२४ मध्ये काय बदललं?

१ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्यांवर पोलिसांनी लाठीमार केला. मनोज जरांगे पाटील हे नाव राज्यभर पोहोचलं. गावागावात नेत्यांना प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि त्या प्रश्नांचा चीन-पाकिस्तानशी काही संबंध जोडता येत नव्हता. आंदोलक नात्यातले, गावकीतले. जोडीला सोयाबीन आणि कापसाच्या भावाची नाराजी. लोकसभेला काँग्रेसचे कल्याण काळे यांनी दानवेंचा १,०९,९५८ मतांनी पराभव केला. हेच काळे २००९ मध्ये दानवेंकडून ८,४८२ मतांनी हरले होते. अपक्ष मंगेश साबळे यांनीही दीड लाखावर मतं घेतली. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीनं गमावल्या.

घोषणा देशाची असली तरी ती ऐकणारा गावातल्या माणसालाच आधी ओळखतो. 'परका' म्हणून दाखवलेला माणूस खरोखर दूरचा असेल, तेव्हा ती चालते. शेजारच्या गावात उपोषणाला बसलेल्याला परकं ठरवणं अवघड जातं.

विरोधकही मागे नव्हते

'घटना बदलणार' हा २०२४ च्या लोकसभेतला विरोधकांचा प्रमुख मुद्दाही एका अर्थानं देशप्रेमालाच घातलेली साद होती. त्याला भाजपच्याच काही नेत्यांच्या वक्तव्यांचा आधार मिळाला. भाजपनं त्याला 'फेक नॅरेटिव्ह' म्हटलं. मोदींनी पुण्याच्या सभेत 'भटकती आत्मा' म्हटलं, तो रोख शरद पवारांकडे असल्याचं मानलं गेलं. उद्धव ठाकरेंनी अमित शहांना अहमदशाह अब्दाली म्हटलं. आणि २०२२ च्या फुटीपासून 'गद्दार' हा शब्द इतका स्वस्त झाला की, पक्ष सोडणं आणि देशाशी बेइमानी यातलं अंतरच पुसलं गेलं.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'एक हैं तो सेफ हैं' आलं. छत्रपती संभाजीनगरच्या सभेत मोदींनी लढत संभाजी महाराजांना मानणारे विरुद्ध औरंगजेबाचे गोडवे गाणारे अशी मांडली. अजित पवार आणि पंकजा मुंडे यांनी 'बटेंगे'ची घोषणा महाराष्ट्रात नको, असं उघडपणे सांगितलं होतं. तरी २३ नोव्हेंबरला जालना जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीकडे गेल्या. घनसावंगीत राजेश टोपेही हरले.

सहा महिन्यांत असं उलटं कसं झालं? यावेळी 'परका' चीन-पाकिस्तानातून आलेला नव्हता. भीती इथल्याच दुसऱ्या समाजाची दाखवली गेली. पण फक्त घोषणेनं झालं म्हणणं सोपं आणि अपुरं आहे. 'लाडकी बहीण'चे महिन्याला १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते, जरांगे यांनी उमेदवार न देण्याचा निर्णय घेतला होता, ओबीसी मतं एकवटल्याची चर्चा होती.

कायदा काय सांगतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान प्रसिद्ध करणं आणि ते आपल्याला खरं वाटत नसूनही करणं हा भ्रष्टाचार ठरतो. निवडणूक रद्द होऊ शकते. मात्र ते उमेदवारानं, त्याच्या प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलं, हे सिद्ध करावं लागतं, आणि याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते.

अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर उमेदवाराला टीव्हीवरच्या स्वतःच्या जाहिरातीत 'या संदेशाला माझी मंजुरी आहे' असं स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं. बाहेरच्या गटांच्या जाहिरातींना ते बंधन नाही. केरींविरुद्धची मोहीम अशाच गटानं चालवली होती. आपल्याकडे ती जागा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं घेतली आहे. प्रतिस्पर्ध्याला देशद्रोही ठरवणारा फोटो रात्री अकराला येतो, सकाळपर्यंत तीन तालुके फिरतो, आणि त्यावर संमतीची सही कुणाचीच नसते.