विश्लेषण : फोटोंसाठी मोफत अ‍ॅप निवडताय? त्यातून बाहेर कसे पडायचे, ते आधी तपासा

आमच्या घरी आजीच्या लग्नातला एक फोटो आहे. तिच्यासकट चौदा माणसे. काही वर्षांपूर्वी बाबांनी तो आणि तसे बरेच जुने फोटो स्कॅन केले, आजीला शेजारी बसवले आणि ती सांगेल तसे एकेका चेहऱ्याला नाव दिले. तीन रविवार गेले त्यात. पुढे आजी गेली, लॅपटॉप बदलला. फोटो नव्या लॅपटॉपवर व्यवस्थित आले, नावे आली नाहीत. ती फोटोच्या फाइलमध्ये नव्हतीच. सॉफ्टवेअरने ती स्वत:च्या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवली होती आणि तो जुन्या हार्ड डिस्कबरोबर भंगारात गेला. ते मोफत सॉफ्टवेअर बाबांना मीच सुचवले होते.

‘फोटोंसाठी कोणते मोफत अ‍ॅप चांगले?’ असे विचारणाऱ्यांना बहुधा एवढेच हवे असते, की जागा किती मिळते. पण तो आकडा टिकत नाही. फ्लिकरने २०१३ मध्ये १ टीबी जागा मोफत दिली. २०१८ मध्ये कंपनी स्मगमगकडे गेली आणि त्याच वर्षी मोफत खात्याला १,००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली. गुगल फोटोज २०१५ मध्ये आले ते अमर्याद साठवणुकीचे आश्वासन घेऊन. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले, आणि त्या १५ जीबीत जीमेल व ड्राइव्हही आले. घरोघरी वापरले जाणारे पिकासा तर २०१६ मध्ये बंदच झाले. कंपन्यांना सर्व्हरचा खर्च असतो, त्यामुळे यात नवल नाही. नवल याचे, की आपण पुन:पुन्हा त्याच आकड्यावर निवड करतो.

मोफत आणि मुक्त यांत फरक काय?

इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, आपल्याकडे सुदैवाने दोन आहेत. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे. तो कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुढे चालवू शकतो. सामान्य वापरकर्त्याला याचा काय उपयोग? सिम्पल गॅलरी या लोकप्रिय अँड्रॉइड अ‍ॅपचे उदाहरण घ्या. २०२३ च्या अखेरीस त्याच्या निर्मात्याने ते एका कंपनीला विकले. कोड खुला असल्याने त्यावर आधी काम केलेल्यांनी तोच घेऊन फॉसिफाय गॅलरी सुरू केले. ज्यांना नवा मालक नको होता, त्यांना जायला जागा मिळाली. पिकासाच्या बाबतीत ही सोय नव्हती.

मात्र ‘मुक्त’ हा शिक्का पुरेसा नाही. नावे, तारखा, मथळे कुठे लिहिले जातात हे पाहावेच लागते. पूर्वी आपण फोटोच्या पाठीवर पेनाने नाव लिहायचो. फोटो कोणाच्याही कपाटात गेला तरी नाव सोबत जायचे. फाइलच्या आत लिहिलेला मेटाडेटा म्हणजे तेच. सॉफ्टवेअरचा डेटाबेस म्हणजे वेगळी वही, आणि वह्या हरवतात.

मग वापरायचे काय?

घरात संगणक असेल तर माझे मत डिजिकॅमला. २००१ पासून चालू असलेला हा मुक्त प्रकल्प विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. चेहरे ओळखण्याचे काम तो तुमच्याच संगणकावर करतो, फोटो कुठे पाठवत नाही. सेटिंगमधील मेटाडेटा विभागात नावे, टॅग आणि मथळे थेट फाइलमध्ये लिहिण्याचे पर्याय आहेत. काम सुरू करण्यापूर्वी ते चालू आहेत ना, हे बघा. दिसायला तो जुनाट आहे, पहिल्या दिवशी मेनू पाहून घाबरायला होते. आणि तो फोनवर चालत नाही.

फक्त फोन असेल तर एन्टे पाहता येईल (मल्याळममध्ये याचा अर्थ ‘माझे’). कोड खुला आहे आणि फोटो फोनवरच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जातात, त्यामुळे कंपनीलाही ते दिसत नाहीत. पण पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवल्या तर कोणीच ते उघडून देऊ शकत नाही. की कागदावर लिहून कपाटात ठेवा. इमिच हे तिसरे नाव हल्ली बरेच ऐकू येते. उत्तम आहे, पण त्यासाठी घरात सतत चालू राहणारा संगणक आणि त्याची निगा राखणारा माणूस हवा. इंजिनीअर असूनही आई-बाबांच्या घरी मी ते बसवलेले नाही.

पाठवताना काय जाते?

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतला मेटाडेटा गळतो. म्हणून लग्नाचे फोटो ग्रुपवर आले म्हणजे जपले गेले, असे समजू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जाते. पण फोटो काढताना लोकेशन चालू असेल तर घराचा ठिकाणाही तिच्यासोबत जातो. मुलांचे फोटो अनोळखी ग्रुपवर टाकताना हे विसरू नये. लिंकने शेअर केलेला अल्बम ती लिंक हाती लागलेल्या कोणालाही दिसू शकतो. काम झाले की ती बंद करावी.

कोणतेही अ‍ॅप पक्के करण्यापूर्वी दहा फोटो घ्या. नावे द्या, एकाची तारीख दुरुस्त करा, दोन ओळी लिहा. मग ते फोटो बाहेर काढून दुसऱ्या उपकरणावर, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. काय उरले ते अर्ध्या तासात कळेल. गुगल फोटोज वापरणाऱ्यांना टेकआउटमधून सगळे फोटो उतरवता येतात. मात्र नंतर लिहिलेले वर्णन किंवा बदललेली तारीख फोटोत नसून शेजारच्या जेसन फाइलमध्ये येते. त्या छोट्या फाइल कचरा समजून पुसू नका.