रानवाटेने धावा, डांबराचा नाद सोडा

“दिवसभर रानात राबायचं आणि वर पळायचं? मागं काय कुत्रं लागलंय?” धावण्याचा विषय काढला की पारावर हे उत्तर ठरलेले. ते अगदीच चुकीचे आहे असेही नाही. खुरपणी, कापणी, पेंढ्या वाहणे हा व्यायामच आहे. ज्याच्या अंगातून दिवसभर घाम निथळतो, त्याला शहरातल्या माणसाने व्यायाम शिकवू नये.

पण मंडळी, आपल्या घरात आता सगळेच पूर्वीसारखे राबतात का, हे जरा बघा. नांगरटीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले, मळ्यात जायला मोटारसायकल आली. आजोबा जी वाट दिवसातून चार वेळा तुडवीत, ती नातवाच्या पायाला आता लागतच नाही. जे काम उरले ते वाकून करायचे किंवा बसून करायचे. त्याने कंबर दुखते, पण छाती भरून दम लागत नाही. साखरेचा आजार आणि रक्तदाब वेशीच्या आत आले आहेत, हे आपल्या दवाखान्यातली गर्दीच सांगते.

म्हणून आज रानवाटेने धावण्याविषयी बोलायचे आहे. शहरातली मंडळी याला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. डांबरी रस्ता सोडायचा आणि पायवाट, गाडीवाट, माळ, टेकडी यांवरून पळायचे, एवढाच त्याचा अर्थ. सिंहगड, राजगड, तोरणा या गडांच्या वाटांवर अलीकडच्या वर्षांत अशी शर्यत भरू लागली आहे आणि तिचा लांबचा पल्ला १०० किलोमीटरचा आहे. लोक पैसे भरून तिथे पळायला येतात. जी वाट गाठायला त्यांना गाडी करून यावे लागते, तशी वाट आपल्या गोठ्यामागून सुरू होते.

डोंगरातला मेंढपाळ

हा खेळ मुळात शहरी लोकांनी काढलेला नाही. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगरी मुलूख आहे. तळी, पाऊस, उघडे डोंगर आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. तिथल्या गावोगावच्या खेळांत डोंगर चढून उतरण्याची शर्यत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. तिला ‘फेल रनिंग’ म्हणतात. फेल म्हणजे तिकडच्या बोलीत उघडा डोंगर, नापास नव्हे!

त्या मुलखात वॉसडेल नावाच्या खोऱ्यात जॉस नेलर हा मेंढपाळ शेतकरी राहत असे. जन्म १९३६ चा. शाळा लवकर सुटली आणि पोर शेतीला लागले. लहानपणीच पाठीला दुखापत झाली. १९ व्या वर्षी गुडघ्यातली कूर्चा काढावी लागली, २२ व्या वर्षी पाठीच्या मणक्यांतल्या दोन चकत्या काढाव्या लागल्या. असा माणूस १९६० साली आपल्या भागातल्या डोंगरी शर्यतीला उभा राहिला. पायात कामाचे बूट, अंगात गुडघ्यापाशी कापलेली विजार.

पुढे या माणसाने जे केले त्याने सगळा मुलूख थक्क झाला. १९७५ साली त्याने २४ तासांच्या आत ७२ शिखरे पालथी घातली. अंतर १६० किलोमीटरच्या वर, आणि सगळी चढण एकत्र मोजली तर एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा जास्त. १९८६ साली, वयाच्या ५० व्या वर्षी, त्या मुलखातली २१४ शिखरे त्याने ७ दिवस आणि दीड तासाच्या आत पूर्ण केली. २००६ साली सत्तरी गाठली तेव्हा ७० शिखरे केली, तीही २१ तासांच्या आत. २०२४ साली, ८८ व्या वर्षी तो वारला.

हे बळ त्याच्यात आले कुठून? आपल्या मेंढपाळांना ते वेगळे सांगायला नको. डोंगरभर पांगलेली मेंढरे गोळा करायची तर धड वाट नसते, दगड बघून पाय टाकावा लागतो. हा सराव त्याला रोजच्या कामाने दिला. मात्र यातून भलताच धडा घेऊ नका. ज्याचा गुडघा किंवा मणका दुखावला आहे त्याने नेलरचे नाव सांगत टेकडीवर धाव घेऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या मातीतले धावपटू

आपल्याकडेही हेच दिसते. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. शाळा ६ किलोमीटर लांब होती. पुढे तो सैन्यात गेला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतले. सुवर्णपदक हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने.

ही स्टीपलचेस म्हणजे काय, हेही पाहण्यासारखे आहे. ३ हजार मीटर पळताना २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. रानातून कुंपणे आणि ओढे ओलांडीत पळण्याची जी जुनी शर्यत होती, तीच पुढे मैदानात आणली गेली. बांध आणि ओढा ज्याच्या रोजच्या पायाखालचा, त्याला ही शर्यत परकी वाटायची नाही.

वाट काय देते?

डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखेच पडते. तोच ठोका, त्याच हाडावर, हजारो वेळा. मातीच्या वाटेवर दोन पावले सारखी पडत नाहीत. कुठे ढेकूळ, कुठे खडा, कुठे उतार. त्यामुळे घोट्याभोवतीचे, पोटरीचे आणि कमरेचे स्नायू आलटून पालटून कामाला लागतात आणि तोल सांभाळायची सवय होते. ही सवय उतारवयातही उपयोगी पडते, कारण म्हाताऱ्या माणसाचे मोडते ते बहुधा पडल्यानेच.

चढावर काळजाला आणि फुप्फुसांना काम मिळते. उतारावर मांड्या मजबूत होतात. आणि किती पळायचे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला ७५ ते १५० मिनिटे दमवणारा व्यायाम सांगते. आठवड्यातून तीनदा अर्धा तास धरला तरी ९० मिनिटे होतात. तेवढा वेळ तर पानाच्या टपरीवर जातो.

शिवाय मनाचे म्हणाल तर वाटेवर पळताना डोळे पुढच्या चार पावलांवर ठेवावेच लागतात. तेवढा वेळ सोसायटीचे कर्ज आणि बाजारभाव डोक्यातून उतरतात. ज्वारी निसवली आहे, दव पडले आहे, पूर्व उजळते आहे, अशा वेळी आपलेच रान वेगळे दिसते. दिवसा त्याच रानात आपण तण शोधत असतो!

भरतीच्या पोरांसाठी

आता हा विषय मुद्दाम घेतला त्याचे कारण सांगतो. पोलीस भरती जवळ आली की गावोगावची पोरे-पोरी पहाटे चार वाजता धावायला बाहेर पडतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एका नोकरीवर सगळ्या घराची आशा टांगलेली असते. पण ही पोरे पळतात कुठे? हमरस्त्यावर, अंधारात. मागून उसाची ट्रॉली, दुधाची गाडी, रात्रभर जागलेला ट्रकवाला. पोरांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यावर पाठवतो. जी वाचतात त्यांतली कितीतरी नडगी धरून बसतात, कारण महिन्याभरात सगळे साधायचे म्हणून रोज डांबरावर ठोके देतात.

आई-बापांनो, पोराला रस्त्यावर जाऊ देऊ नका. आठवड्यातले तीन दिवस रानवाटेने, एखादी टेकडी घेऊन पळू द्या. दम तिथेच वाढतो. एक-दोन दिवस शाळेच्या मैदानावर अंतर मोजून वेळ लावू द्या, कारण परीक्षा सपाट मैदानावर होते. बाकीचे दिवस विश्रांती. मुलींना दोघी-तिघी मिळून पाठवा, घरचे कोणीतरी सोबत चालायला जा. “पोरगी पळते, लोक काय म्हणतील” हा विचार सावरपाड्यात झाला असता तर पदक आले नसते.

सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे अर्धा तास नुसते झपाझप चाला. मग दोन मिनिटे पळा, तीन मिनिटे चाला. शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतकाच वेग ठेवा. चढावर लहान पावले टाका. चालत चढलात तरी कमीपणा नाही, मोठे धावपटूही चालतात. उतारावर अंग मागे टाकू नका आणि उड्या मारू नका. घोटा मुरगळतो तो उतारावरच.

उजाडल्याशिवाय रानात शिरू नका. वाटेवर साप असतो, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचाही वावर असतो. बिनकठड्याची विहीर, तुरीचे खुंट, कपाशीच्या पळाट्या आणि रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडण्याची घातकी रीत ध्यानात ठेवा. अनोळखी वाट आधी दिवसा चालून पाहा. काळ्या रानात पावसानंतर दोन दिवस जाऊ नका. पायाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि पीकही तुडवले जाते. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी घरी या. महाग बूट हवेतच असे नाही, पण तळवा घसरणारा नको. चाळिशी उलटलेल्यांनी आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. पळताना छातीत दुखले, घेरी आली तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

शेवटची गोष्ट वाटेचीच. दर नांगरटीला फाळ वीतभर पुढे सरकतो आणि पाणंद बारीक होत जाते. बैलगाडीची वाट पायवाट होते, पायवाटेचा बांध होतो आणि बांधाची कोर्टकचेरी होते. वाट मोडली की आपल्याच पोरांना हमरस्त्यावर जावे लागते. पाय पडत राहिले तर वाट टिकते. तेव्हा येत्या रविवारी पोराबाळांना घेऊन मळ्यापर्यंत पायी जा, आणि येताना जमेल तेवढे पळत या. मोटारसायकल एक दिवस दारात उभी राहिली म्हणून रुसणार नाही.