पुरे म्हणणारा दुकानदार

दुकानदारी आणि सत्य यांचें जमत नाहीं, अशी आपल्या पांढरपेशा घरांतून एक जुनी समजूत आहे. मुलगा शिक्षक झाला, कचेरींत चिकटला, तर वडील मंडळी निश्चिंत होतात. पण तो तागडी हातीं धरतों म्हणाला, कीं आजोबांपासून काकूंपर्यंत सर्वांच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या घरीं हा अनुभव नुकताच आला. माझ्या पुतण्यानें नोकरी सोडून कापडाचें लहानसें दुकान घातलें. पहिलें वर्ष बरें गेलें. दुसऱ्या वर्षीं, दिवाळीनंतर एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर, तो माझ्याजवळ येऊन बसला व म्हणाला, "काका, एक विचारूं का? एक बाई लेकीच्या लग्नाचें कापड हप्त्यानें घेऊन गेल्या. मीं महागांतलें दाखविलें, त्यांनीं तें घेतलें. आतां त्यांना हप्ता झेपत नाहीं. लबाडी मीं कांहींच केली नाहीं. भाव खरा, माल खरा, हिशेब खरा. मग मला झोप कां येत नाहीं?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. परंतु याच प्रश्नानें ज्याला अस्वस्थ केलें होतें अशा एका ख्रिस्ती दुकानदाराची हकीकत मला ठाऊक होती. ती मीं त्याला सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवितों.

इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) या धर्मोपदेशकानें एका ख्रिस्ती पंथाचा पाया घातला. लोक त्या पंथाच्या अनुयायांना 'क्वेकर' म्हणतात. ते स्वतःस 'मित्र-समाज' म्हणवितात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेंत पुरोहित नाहीं, मंत्र नाहींत. मंडळी निःशब्द बसते, आणि ज्याला अंतःप्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो. शपथेवांचूनही माणसाचा शब्द खराच असला पाहिजे, ही येशूची शिकवण त्यांनीं इतकी मनावर घेतली कीं न्यायालयांतही ते शपथ घेत ना. त्यामुळें इंग्लंडांत विद्यापीठाच्या पदव्या व सरकारी अधिकार यांचीं दारें त्यांना दीर्घकाळ बंद राहिलीं, आणि पुष्कळांना धंद्याचीच वाट धरावी लागली. म्हणजे आमच्या नेमका उलट प्रकार! आम्ही चाकरीच्या दारांतून आंत गेलों व धंदा बाहेर राहिला. त्यांना चाकरीचें दार बंद म्हणून ते धंद्यांत शिरले. पण शिरतांना त्यांनीं धर्म उंबरठ्याबाहेर काढून ठेविला नाहीं.

मनांत एक भाव ठेवून तोंडानें दुसरा सांगणें हें असत्यच होय, असें ते मानीत. म्हणून क्वेकर दुकानदार घासाघीस न करितां पहिल्यानेंच शेवटचा भाव सांगे. आरंभीं गिऱ्हाइकें बिचकलीं. पुढें मात्र या लोकांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी फसवणूक होत नाहीं, असा लौकिक झाला, व दुकानें भरूं लागलीं. दिवाळें काढणें हा नुसता व्यवहारांतील अपघात नव्हे, तर दुसऱ्याच्या पैशाच्या बाबतींत झालेला विश्वासभंग, असें समजून समाज त्याची चौकशी करी. तुरुंगांतील स्त्रियांच्या सेवेमुळें विख्यात झालेल्या एलिझाबेथ फ्राय या बाईंच्या पतीची पेढी १८२८ सालीं बुडाली, तेव्हां त्यांनाही समाजानें सभासदत्वावरून दूर केलें.

सचोटीनें धंदा वाढतो, इतकें सर्वच उपदेशक सांगतात. जॉन वुलमन याची गोष्ट तेथून पुढें सुरू होते.

वुलमनचा जन्म १७२० सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी या तेव्हांच्या ब्रिटिश वसाहतींत, एका क्वेकर शेतकरी कुटुंबांत झाला. विशीच्या सुमारास तो माउंट हॉली या गांवीं एका दुकानदाराकडे माल विकण्याच्या व हिशेब लिहिण्याच्या कामावर राहिला. एके दिवशीं मालकानें आपली एक गुलाम स्त्री विकली आणि विक्रीखत लिहावयास वुलमनला सांगितलें. घेणारा समोर उभा होता. तोही वृद्ध क्वेकरच. तरुण नोकरानें खत लिहिलें, परंतु त्याचें मन इतकें व्यथित झालें कीं गुलामगिरी ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें मला वाटतें, हें तो दोघांच्या तोंडावर बोलून गेला. बोलला, तरी खत लिहिलेंच होतें. ही बोच त्याला राहिली. पुढें दुसऱ्या एकानें तसेंच खत लिहावयास सांगितलें, तेव्हां त्यानें नम्रपणें नकार दिला. शेजाऱ्यांचीं मृत्युपत्रें तो लिहून देत असे. पण त्यांत गुलाम कोणास द्यावा हें लिहिण्याची वेळ आली, कीं लेखणी खालीं ठेवी. एका आजारी शेजाऱ्याचें मृत्युपत्र त्यानें गुलाम मुलीसंबंधींचा भाग वगळून लिहिलें, व कारण सांगितलें. दोघांचें मोकळेपणानें बोलणें झालें, आणि अखेर त्या गृहस्थानें तिला मुक्त करण्याचें कबूल केलें. नकार रागावून दिला असता, तर असें घडलें असतें काय?

यानंतर वुलमन शिंपीकाम शिकला व त्यानें स्वतःचें दुकान घातलें. १७४९ सालीं सारा एलिस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली. दुकानांत तो प्रथम शिवणकामाला लागणारें सामान ठेवी, पुढें कापडचोपडही ठेवूं लागला. माल चोख, भाव एक, बोलणें गोड. धंदा वर्षानुवर्षें वाढत गेला. येथें दुसरा कोणी असता तर त्यानें दुसरें दुकान घातलें असतें. वुलमनला मात्र निराळेंच दिसूं लागलें. ऐपत नसलेले लोक उधारीवर भारी माल नेत, देणें थकलें कीं त्यांच्यावर फिर्यादी होत. अशा गिऱ्हाइकाला तो होऊन सांगे कीं यापेक्षां स्वस्त व टिकाऊ वस्तु घ्या. शिवाय वाढत्या धंद्याबरोबर आपलें चित्तही गुंतत चाललें आहे, उपासनेला बसलों तरी मन गल्ल्यापाशीं राहतें, हें त्याच्या ध्यानीं आलें. अखेर १७५६ च्या सुमारास त्यानें माल विकणें हळूहळू कमी केलें, गिऱ्हाइकांना आधीं सूचना देऊन दुसरें दुकान पाहावयास सांगितलें, व चालतें दुकान बंद केलें. उमेदवार न ठेवितां एकट्याच्या हातानें होईल तितकें शिंपीकाम आणि सफरचंदाच्या कलमांची लहानशी बाग, एवढ्यावर त्यानें संसार चालविला.

उरलेला वेळ त्यानें कोठें घातला? गुलाम बाळगणाऱ्या स्वपंथीयांच्या दारोदार तो फिरला. १७५७ सालच्या दक्षिणेकडील प्रवासांत ज्या घरीं उतरे, तेथील गुलामांच्या फुकट सेवेचा लाभ आपल्याला नको, म्हणून त्यांच्यासाठीं तो चांदीचीं नाणीं देऊन जाई. गुलामांच्या श्रमाची म्हणून त्यानें साखर सोडली. रंग हा मळ झांकण्याकरितां असतो, म्हणून बिनरंगी कपडे वापरूं लागला. तेव्हां हा मुद्दाम वेगळेपणा दाखवितो असें वाटून स्नेहीही त्याला बिचकूं लागले. तें त्यानें निमूटपणें सोसलें. १७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना भेटून समजावण्याकरितां मंडळी नेमली, तींत वुलमन होता. १७७६ सालीं त्याच सभेनें गुलाम मुक्त न करणाऱ्यास समाजांत स्थान नाहीं असें ठरविलें. तें पाहावयास वुलमन उरला नव्हता. १७७२ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें त्याचा अंत झाला.

येथें माझ्या पुतण्यानें मला अडविलें. तो म्हणाला, "काका, सगळेच असें करूं लागले तर दुकानें कोण चालवील? आणि मोठ्या धंद्यानें चांगलें काम होत नाहीं काय?" प्रश्न रास्त होता. याच पंथांतील जॉन कॅडबरी यानें १८२४ सालीं बर्मिंगहॅम येथें चहा, कॉफी व कोको यांचें लहान दुकान काढलें. त्याच्या मुलांनीं १८७९ सालीं गांवाबाहेर बोर्नव्हिल येथें कारखाना नेला, आणि पुढें तेथें बागांसह घरांची वसाहत उभी राहिली. हें सत्कार्य खरेंच. परंतु १९०१ च्या सुमारास त्यांना कळलें कीं ज्या साओ टोमे बेटावरून आपला कोको येतो, तेथील मजूर जवळजवळ गुलामच आहेत. चौकशी, पत्रव्यवहार, सरकारशीं बोलणीं यांत वर्षें गेलीं, व खरेदी थांबली ती १९०९ सालीं. 'स्टँडर्ड' पत्रानें याबद्दल दांभिकपणाचा आरोप केला. कॅडबरींनीं दावा लावला व जिंकलाही. पण पंचांनीं भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चवथा भाग! माणसें वाईट नव्हतीं. पण वुलमनला जें एका सकाळीं लेखणी खालीं ठेवून करितां आलें, त्याला मोठ्या कारखान्यास आठ वर्षें लागलीं. धंदा लहान असण्यांत जी मोकळीक आहे ती ही. (आज तो कारखानाही त्या घराण्याकडे नाहीं, २०१० सालीं तो एका अमेरिकन कंपनीनें विकत घेतला.)

आपल्याकडे हा विचार अपरिचित आहे असें नाहीं. देहूचे तुकोबाराय जातीचे वाणी. वडिलोपार्जित सावकारीचीं खतें त्यांनीं भावाशीं वाटून घेतलीं व आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. दोघांचे देव, देश व भाषा भिन्न. पण दुसऱ्याच्या अडचणीवर लिहिलेला कागद हातांत धरवत नाहीं, ही वेदना एकच. फरक इतकाच, कीं तुकोबांनीं दुकानदारीच सोडली, आणि वुलमननें सुई-दोरा हातीं ठेवून 'एवढें पुरे' असें म्हटलें. संसारी माणसाला दुसरी वाट अधिक जवळची वाटेल.

मात्र वाचकभगिनी येथें विचारतील, कीं 'पुरे' हें ठरवावयाचें कोणी? वुलमनच्या रोजनिशींत सारेविषयीं थोडकेंच आहे. परंतु मिळकत कमी झाली तेव्हां चूल तिनेंच चालविली असली पाहिजे. एकत्र कुटुंबांत तर एकाच्या सदसद्विवेकाचा खर्च दहाजणांच्या ताटांतून निघतो. म्हणून असा निश्चय एकट्यानें करूं नये.

माझ्या पुतण्यानें तो एकट्यानें केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, सर्व सांगितलें. त्यांनीं आधीं हिशेबाची वही मागितली, दोनदां पाहिली, आणि म्हणाल्या, "न फाडलेलें कापड परत घे, पुऱ्या भावानें. उरलेल्याचे हप्ते लहान कर. आणि यापुढें गिऱ्हाइकाला आधीं विचार कीं किती खर्चावयाचे आहेत. मग गठ्ठा सोड." त्या महिन्याची घरखर्चाची रक्कम थोडी कमी आली, वहिनींनीं त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीं. दुकान मोठें होईल कीं नाहीं, मला सांगतां येत नाहीं. पण आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली ती समजूत, दुकानदारी आणि सत्य यांचें जमत नाहीं ही, निदान आमच्या घरांत आतां कोणी पूर्वींच्या ठामपणानें बोलून दाखवीत नाहीं.