घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटण आहे. तिथल्या महादेवाच्या देवळातला निकुंभ राजघराण्याचा शिलालेख शके 1075 चा, म्हणजे इ.स. 1153 चा. इंग्लंडात डरहॅम कॅथीड्रलवर दगडी कमानींचे छत चढून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. तिकडे सारा भर कमानीवर. पाटणला कमान नाहीच. खांब, त्यांवर तुळया आणि एकेका थराने आत सरकत मिटत जाणारे दगड. अशा देवळांना सरसकट 'हेमाडपंती' म्हणायची सवय आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकातला, तेव्हा हे देऊळ त्याच्याहून शंभरेक वर्षांनी वडील.

पाटणचाच दुसरा, पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख शके 1128 चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने इथे मठ काढला. लेख संस्कृतात चालतो, पण शेवटी बाजाराचा हिशेब आला की मराठीवर उतरतो: विकल्या जाणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती आणि दर घाण्यामागे तेल किती, तर पळीभर. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीच्या अभ्यासाला दिव्याचे तेल असे गावातून येई. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

इंग्लंडातले विंडसर, वॉरिक पाहिलेल्यांनी किल्ल्यासाठी धुळ्याकडे वळावे. मुंबई-आग्रा महामार्गावरूनच लळिंगचा डोंगर दिसतो. माथ्यावर किल्ला, पायथ्याच्या गावात महादेवाचे जुने देऊळ. 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला तापीकाठच्या थाळनेरचा मुलूख दिला आणि फारूकी घराणे उभे राहिले. मलिक राजाने थोरल्या मुलाला, नसीरला, लळिंग दिला, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. वाटणी टिकली नाही. 1417 मध्ये नसीरने माळव्याची कुमक घेऊन थाळनेर भावाकडून हिसकावले. असीरगडही त्याचाच, बुऱ्हाणपूरही त्यानेच वसवले आणि थाळनेरचे महत्त्व ओसरले.

थाळनेरचा किल्ला फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने घेतला. शरणागतीच्या गोंधळात दरवाजाशी इंग्रज अधिकारी मारले गेले, शिबंदी कापली गेली आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले. त्या फाशीवरून पुढे इंग्लंडातही बोल लागला. किल्ल्याचे आता थोडेच उरले आहे. गावाबाहेर फारूकींच्या कबरी मात्र उभ्या आहेत. त्यांतल्या अष्टकोनी कबरीवरचे कोरीव काम थांबून पाहण्यासारखे आहे.